धूर, चामडं आणि ऊद: धुरकट परफ्यूमच्या वाटेला जाण्याआधी

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एसी बसमध्ये चढण्याआधी मी एका नव्याकोऱ्या परफ्यूमचे पाच फवारे अंगावर मारले होते. खालापूरचा टोलनाका यायच्या आधीच मागच्या सीटवरच्या आजींनी क्लीनरला हाक मारली, "अरे बाळा, कुठंतरी वायर जळतेय बघ." ड्रायव्हरने टोलनाक्यापुढे गाडी कडेला घेतली, मागे जाऊन इंजिनाचं झाकण उघडून पाहिलं, परत येऊन "काही नाही" म्हणाला आणि गाडी निघाली. मी पनवेलपर्यंत अंग चोरून बसलो होतो.

परफ्यूम उत्तम होता. डांबर, ऊद, चामडं असा सगळा जडशीळ ऐवज त्यात होता. चूक माझी. कॉलेजच्या दिवसांतल्या लिंबाळ डिओसारखा तो मी फसाफसा मारला होता, आणि त्यात नेमकं काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढची चार-पाच वर्षं या एकाच जातीच्या वासांमागे घालवल्यावर जे उमगलं ते नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. बाटली विकत घेणं यात सगळ्यात शेवटी येतं.

पायरी पहिली: बाटलीत चामडं नसतं, हे आधी मान्य करा

गुलाबाचं अत्तर निघतं, वाळ्याचं निघतं, चंदनाचं तेल निघतं. कातड्याचं असं तेल निघत नाही. परफ्यूमच्या खोक्यावर 'लेदर' लिहिलेलं असतं तेव्हा ते सोंग असतं: दुसऱ्याच चार-पाच गोष्टी एकत्र करून नाकाला चामड्याचा भास करून दिलेला असतो. शाकाहारी घरांतून हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. या भासातला बहुतेक माल झाडापासून नाहीतर प्रयोगशाळेतून येतो. पूर्वी बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतला कॅस्टोरियम घालत, आता त्याच्या जागी बहुधा कृत्रिम मिश्रण असतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी त्या-त्या कंपनीला विचारून घ्यावं.

हे सोंग मुख्यत्वे तीन तऱ्हांनी वठवतात आणि तिन्हींचा वास एकमेकांपासून खूप लांब आहे.

पहिली तऱ्हा डांबराची. रशियात कातडं विलोच्या सालीत कमवायचे आणि मग त्यात बर्च झाडाच्या सालीपासून काढलेलं डांबरी तेल जिरवायचे. त्याने कातडं पाण्याला दाद देत नसे, कीड लागत नसे, आणि एक धुरकट वास कायमचा बसत असे. किती कायमचा? सेंट पीटर्सबर्गहून निघालेलं 'मेटा कॅथरीना' नावाचं जहाज 1786 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या प्लिमथ बंदराच्या तोंडाशी बुडालं. 1973 मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. चिखलात गाडलेली रेनडिअरची कातडी जवळजवळ 200 वर्षांनी वर काढली, धुतली, वाळवली, तर त्यांच्या चक्क पिशव्या आणि बूट शिवता आले. युरोपातल्या परफ्यूमवाल्यांनी 'रशियन चामडं' करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी कातड्याला हातही लावला नाही, त्या डांबराचीच बाटली उचलली. शनेलचा 'क्युईर द रुसी' हा 1920 च्या दशकातला परफ्यूम याच घराण्यातला, फक्त त्यावर फुलांची नि पावडरची झूल आहे.

दुसरी तऱ्हा हिरव्या कडवटपणाची. आयसोब्युटिल क्विनोलिन या लांबलचक नावाच्या रसायनाचा वास ओल्या मातीचा, कडू पाल्याचा आणि नव्या बुटाचा असा एकदम येतो. जेर्मेन सेलिए या परफ्यूमकार बाईंनी 1944 साली रोबेर पिगे या फॅशनच्या पेढीसाठी केलेला 'बँडिट' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्याच्या बुडाशी ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल असतं. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याचं चुलत भावंड. मसाला भाजण्याआधी त्या डब्यात नाक घालून बघा, तो काळपट, ओलसर, जंगली वास नेमका तिथला आहे.

तिसरी तऱ्हा मऊ. केशराच्या वळणाची कृत्रिम द्रव्यं आणि लॅब्डेनम नावाची चिकट राळ, कधी वर थोडी रासबेरी. यातून मखमली, लोवदार चामडं उभं राहतं. टॉम फोर्डचा 2007 चा 'टस्कन लेदर' हे त्याचं उदाहरण. यात धूर नावालाच. 'लेदर' म्हणून पहिल्यांदा आवडतं ते बहुधा हेच, आणि मग माणूस त्याच जोरावर डांबरवाली बाटली मागवतो आणि तोंडघशी पडतो.

पायरी दुसरी: घरातच नाक तयार करा

याला फार पैसे लागत नाहीत. एक रविवार आणि उघडी खिडकी पुरते.

काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि चार पुड्या बांधून घ्या: लोबान, राळ, गुग्गुळ आणि सालईचा डिंक. प्रत्येकी पन्नास ग्रॅम खूप झाले. सालई म्हणजे सातपुड्यात, मेळघाटात दिसणारं, कागदासारखी साल सुटणारं झाड. ओमान, येमेन आणि सोमालियात ज्या झाडाचा जगप्रसिद्ध डिंक निघतो त्याच्याच कुळातलं. तो डिंक जगभर फ्रँकिन्सेन्स म्हणून विकला जातो आणि धुरकट परफ्यूमच्या यादीत 'इन्सेन्स' दिसलं की बहुतेक वेळा तोच असतो. ओमानचा खडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण सालईवर काम भागतं.

आधी न जाळता हुंगा. सालईचा एक खडा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. लिंबाची साल, मिरी, थोडं देवदाराचं लाकूड असा थंड, उजळ वास येईल. धूर अजून कुठंच नाही. डिंकातल्या पिनीन आणि लिमोनीन या हलक्या द्रव्यांचा हा वास. बाटलीतला फ्रँकिन्सेन्स पहिल्या दहा मिनिटांत असाच लागतो आणि नवखा माणूस म्हणतो, "यात देवळासारखं काहीच नाही."

आता निखारा पेटवा. धुपाटण्यात निखाऱ्यावर थेट खडा टाकलात तर पहिले काही सेकंद लिंबू, मग भसकन पांढरा धूर, आणि मिनिटाभरात करपलेल्या साखरेचा घाण वास. म्हणून निखाऱ्यावर राखेचा थर द्या, त्यावर अभ्रकाचा पातळ तुकडा ठेवा आणि खडा त्यावर. डिंक जळणार नाही, विरघळत बसेल. या मधल्या अवस्थेत एक जुनाट, मेणचट, दगडी इमारतीतल्या थंडाव्यासारखा वास निघतो. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये मोठ्या सणाच्या मिस्साला बसलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. या 'चर्चच्या' वासाला कारणीभूत असलेली आम्लं फ्रान्समधल्या नीसच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये वेगळी काढून दाखवली. शतकानुशतकं जळत आलेल्या गोष्टीचा उलगडा इतका अलीकडचा आहे.

मग बाकीच्या तीन पुड्या, प्रत्येकीमध्ये दहा मिनिटं मोकळी हवा. राळ कोरडी आणि तिखट धुराची. गुग्गुळ जड, औषधी, थोडा मातकट. लोबान गोडसर, जवळजवळ व्हॅनिलाचा. चारही वास नाकात वेगवेगळे बसले की परफ्यूममध्ये 'नुसता धूप' असं काही नसतं हे आपोआप कळतं. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर हा कार्यक्रम गच्चीवर करा.

धुरासाठी वेगळा अभ्यास लागतो, कारण परफ्यूममधला धूर उदबत्तीचा नसून लाकडाच्या डांबराचा असतो. शेकोटीशेजारी रात्रभर बसून आल्यावर सकाळी स्वेटरला जो वास असतो तो एक. काळ्या फिनेलचं झाकण उघडल्यावर येतो तो दुसरा. दोन्हींत क्रेसॉल आणि त्याच्या जातीची द्रव्यं आहेत आणि बर्चच्या डांबरातही तीच आहेत. म्हणून कुणी तुमचा महागडा परफ्यूम हुंगून "दवाखान्यासारखा वास येतोय" म्हणालं तर रागावू नका, त्यांचं नाक शाबूत आहे. चीनच्या फुजियान प्रांतातला लापसांग सूचाँग चहा ऑनलाइन मिळतो, तोही आणा. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो. डबा उघडताच जो धूर येतो तो धुरकट परफ्यूमच्या सगळ्यात जवळचा.

चामड्यासाठी नवी कोल्हापुरी चप्पल पुरेशी आहे, पण खरीखुरी हवी. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास तुरट, तेलकट आणि उबदार असतो. मग क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या कातड्याचा साधा ऑफिसचा बूट हुंगा: तो चपटा, रासायनिक लागतो. घरात तबला असेल तर त्याच्या वादीला नाक लावा.

इथं एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्याकडे चामड्याच्या वासाशी नाक मुरडण्याचा संबंध नाकापेक्षा जातीशी जास्त आहे. कातडं कमावणाऱ्या वस्त्या गावाबाहेर ढकलल्या आणि त्या वासाला घाण ठरवलं. युरोपातही कमावणाऱ्यांच्या हौदांना दुर्गंधी यायचीच. फ्रान्सच्या ग्रास गावात कातडं कमावण्याचा धंदा मोठा होता, कातडी हातमोज्यांचा वास मारायला त्यांना फुलांची अत्तरं लावायला लागले, आणि पुढे तेच गाव परफ्यूमचं माहेरघर झालं. तिथं तो वास श्रीमंतीचा झाला, इथं शिवाशिवीचा राहिला. 'लेदर' परफ्यूम पहिल्यांदा हुंगताना मनात किळस उमटली तर ती वासातून आलीय की शिकवणुकीतून, हे एकदा तपासून बघावं.

पायरी तिसरी: 'ऊद' आणि 'ऊद' यांतला घोटाळा सोडवा

मराठी माणसाचा या प्रांतात हमखास गोंधळ होतो तो या एका शब्दावर. आपला ऊद म्हणजे दर्ग्यात, पारशांच्या अग्यारीच्या आसपास, गुरुवारी संध्याकाळी घरात निखाऱ्यावर टाकतात तो डिंक. उदबत्तीतला 'उद' तोच. ख्रिस्तजन्माच्या गोष्टीतल्या ज्ञानी लोकांच्या भेटीही मराठीत 'सोने, ऊद व गंधरस' अशाच सांगतात, म्हणजे तिथं ऊद हा शब्द फ्रँकिन्सेन्ससाठी आला.

परफ्यूमच्या दुकानातला 'ऊद' मात्र डिंक नव्हे, लाकूड. अरबीत ऊद म्हणजे लाकूडच. अगरूच्या झाडाला बुरशी लागल्यावर त्याच्या गाभ्यात जी काळी राळ साचते ते हे द्रव्य, आपल्याकडे आसामातून येतं. वास जनावराच्या गोठ्यापासून मधापर्यंत काहीही. त्यामुळे विक्रेता "सर, ये ऊद है" म्हणाला की "अगर का लोबान?" असा उलटा प्रश्न करा.

'लोबान' तरी सरळ आहे का? नाही. अरबीतलं 'लुबान' म्हणजे फ्रँकिन्सेन्स. सुमात्राकडून येणाऱ्या वेगळ्याच झाडाच्या डिंकाला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणायचे, त्याचंच युरोपात 'बेंझॉइन' झालं, आणि आपल्या बाजारात लोबान म्हणून जो गोडसर डिंक मिळतो तो बरेचदा हाच. मी या लेखात पुढे 'ऊद' म्हणेन ते फ्रँकिन्सेन्सच्या अर्थाने, आणि लाकडाला 'अगर' म्हणेन.

पायरी चौथी: एक परफ्यूम घड्याळ लावून हुंगा

हुंगायचा कसा हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एकच उदाहरण घेतो आणि त्यावर थोडा रेंगाळतो. 'अमुआज' ही ओमानची कंपनी, 1983 मध्ये सुलतान काबूस यांच्या इच्छेवरून सुरू झालेली. म्हणजे ऊद जिथं उगवतो तिथलीच. त्यांचा 2012 चा 'इंटरल्यूड मॅन', परफ्यूमकार पिएर नेग्राँ. धूर, चामडं आणि ऊद हे तिन्ही एकाच बाटलीत ठासून भरलेले बघायचे असतील तर हा. चाहते त्याला 'ब्लू बीस्ट' म्हणतात. बाटली निळी आहे आणि वागणूक जनावराची.

मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा फवारा. अर्धाच.

पहिली पाच मिनिटं धूर येतच नाही, येतो ओवा. यादीत ओरेगानो लिहिलेलं असतं, पण ओरेगानोतलं कार्व्हाक्रॉल आणि ओव्यातलं थायमॉल ही सख्खी भावंडं आहेत, एकाच रेणुसूत्राची. पोट दुखल्यावर आईने तळहातावर ठेवलेला ओवा-मिठाचा चिमूटभर घास मला तरी दरवेळी आठवतो. त्यावर मिरीसारखा तिखटपणा आणि थोडं लिंबूवर्गीय फळ. हा भाग कर्कश आहे. दुकानात कागदी पट्टी हुंगणारे नव्वद टक्के लोक इथूनच परत फिरत असावेत.

पंधरा ते चाळीस मिनिटं: आता ऊद उजळ मिरमिरीतून धुरात शिरतो. सोबत ओपोपोनॅक्स, गुग्गुळाच्या कुळातली गोड राळ, मधासारखी चिकट. लॅब्डेनमही इथंच आहे. तुम्ही रविवारी अभ्रकावर जे विरघळवलं होतं ते इथं ओळखता यायला हवं. नाही आलं तर पुन्हा पुड्या काढा.

तासाभराने चामडं. ते वेगळं समोर येऊन उभं राहत नाही, धुराच्या मागून त्याची किनार दिसते: तुरट, गडद, वापरलेल्या खोगिरासारखी. त्यात अगरच्या लाकडाचा धूर मिसळलेला असतो, त्यामुळे चामडं कुठं संपतं आणि जळकं लाकूड कुठं सुरू होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

चौथ्या तासाला खरा परफ्यूम भेटतो. ओवा गेलेला असतो, आरडाओरडा थांबलेला असतो. उरतं ते चंदन, पॅचोली नावाच्या झुडपाच्या पानांचा मातकट वास, आणि आरती होऊन गेल्यावर बंद गाभाऱ्यात उरतो तसा शांत, गोडसर धूप. दुकानदार समोर उभा असताना चौथा तास येत नाही, म्हणून दुकानात निर्णय करायचाच नाही.

हुंगताना दोन गोष्टी. एका बैठकीत तीनच्या वर वास घेऊ नका. आणि दुकानात कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात ती बाजूला सारून स्वतःच्या शर्टाच्या बाहीत नाक घाला, नाक तिथं जास्त लवकर ताळ्यावर येतं.

पायरी पाचवी: कोणत्या क्रमाने चढायचं

थेट इंटरल्यूडपासून सुरुवात करू नका. मी सुचवतो ती वाट अशी.

उदासाठी आधी लार्तिझान या फ्रेंच कंपनीचा 'पासाज दांफेर', 1999 चा. पॅरिसच्या एका गल्लीचं नाव, शब्दशः नरकाची वाट, पण वास लिलीच्या फुलांचा आणि लांबून येणाऱ्या धुपाचा. ऑफिसलाही चालतो. मग कॉम दे गार्सोंची 2002 ची धुपांची मालिका. त्यात आव्हिन्यों, क्योतो, वार्झाझात, झागोर्स्क आणि चक्क जैसलमेर अशा पाच गावांच्या नावाचे पाच परफ्यूम आहेत. 'आव्हिन्यों' म्हणजे कॅथलिक चर्चचं दार उघडून आत पाऊल टाकणं, कोरडं, थंड, दगडी. 'क्योतो' देवदाराच्या अंगाने जातो. 'जैसलमेर' दालचिनीकडे झुकलेला. मला पाचांत आव्हिन्यों सगळ्यात प्रामाणिक वाटतो, पण तो कपड्यावर माळण्याचा वास आहे की खोलीत कोंडून ठेवण्याचा, असा प्रश्न दरवेळी पडतो.

चामड्यासाठी आधी मऊ बाजू, टॉम फोर्डचा 'ओंब्रे लेदर' चालेल. मग 'क्युईर द रुसी'. त्यानंतर ल लाबोचा 'पॅचोली 24', 2006 चा. नाव पॅचोली, आणि आत बर्चचं डांबर आणि व्हॅनिला. नावावर जाणाऱ्याची फजिती करायलाच जणू काढलाय. पहिला अर्धा तास शेकोटी, शेवटी धुरावर धरलेली खीर. अँडी टाउअर यांचा 'लोनस्टार मेमरीज' डांबराच्या आणखी आत नेतो. या टप्प्यावर मजा यायला लागली तर इंटरल्यूड, आणि नाओमी गुडसरचा 'ब्वा दासेझ', ज्यात जळकं लाकूड, तंबाखू आणि ऊद हेच सगळ्यात पुढे असतात.

इतके पैसे घालायचे नसतील तर वाट कनौजहून जाते. तिथं मातीच्या हंडीत डिंक कोरडाच तापवून त्याचा जळका अर्क काढतात, त्याला 'चोया' म्हणतात. 'चोया लोबान' धुरकट, चामड्यासारखा आणि जबर असतो. तो सरळ अंगाला लावायचा नव्हे, चंदनाच्या तेलात थेंबभर मिसळून हुंगायचा. 'शमामा' हे अनेक मसाल्यांचं नि मुळ्यांचं अत्तरही याच स्वभावाचं, थंडीत फार शोभतं. आणि गंमत अशी की कनौजमध्ये तयार अत्तर मुरवायला ठेवायचे ते उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत, म्हणजे त्यातलं पाणी कातड्यातून उडून जावं. परफ्यूमला चामड्याचा वास देण्याची ही पद्धत नव्हे, पण चामड्याचा आणि अत्तराचा इतका घरोबा दुसरीकडे मी पाहिला नाही. अत्तरात अल्कोहोल नसतं, ज्यांना ते टाळायचं असेल त्यांनाही ही वाट सोयीची.

पायरी सहावी: अंगावर किती आणि कधी

एक फवारा. छातीवर, बनियनच्या आत. पंधरा मिनिटांनी वर शर्ट. एवढ्यावर दोन आठवडे काढा, मग हवं तर मानेच्या मागे दुसरा. कागदी मापात सांगायचं तर तुमचा रोजचा परफ्यूम जितका मारता त्याच्या चौथाई.

कारण असं की धूर आणि राळ ही जड द्रव्यं आहेत, ती तासन्‌तास बसतात, पण तुमचं स्वतःचं नाक मात्र अर्ध्या तासात त्यांना सरावतं. तुम्हाला वाटतं वास गेला, म्हणून तुम्ही पुन्हा मारता, आणि मागच्या सीटवरच्या आजींना वायर जळते.

पांढऱ्या कुर्त्यावर कधीच फवारू नका. गडद रंगाच्या परफ्यूमचे पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. नवा परफ्यूम आधी कोपराच्या खळगीत थेंबभर लावून दिवसभर थांबा, कातडी लाल झाली तर नाद सोडा.

हवेचं म्हणाल तर मुंबई-कोकणाच्या मेमध्ये हे वास अंगावर चिकटतात आणि दम कोंडतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात ते वेगाने उडतात आणि पहिला तास फार आक्रमक होतो. नाशिक-पुण्याची डिसेंबर-जानेवारीतली रात्र ही यांची खरी वेळ. पावसाळ्याबद्दल मतभेद आहेत. मला भर पावसात उदाचे परफ्यूम अतिशय आवडतात, डांबराचे अजिबात नाहीत: ओल्या छत्रीचा, दमट कपड्यांचा आणि डांबराचा वास मिळून गॅरेज होतं. लोकल, लिफ्ट, दवाखाना, परीक्षेचा हॉल इथं दोन्ही टाळा.

पायरी सातवी: विकत घेणं

नुसतं वर्णन वाचून पूर्ण बाटली मागवायची नाही. या जातीत तर नाहीच. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, ही म्हण इथं शब्दशः खरी होते. पाच मिलिलीटरचं डिकँट घ्या, म्हणजे मूळ बाटलीतून काढून विकलेली छोटी कुपी. विकणारा ओळखीतला असावा किंवा मूळ बाटलीचं बिल दाखवणारा, कारण महागड्या नावांच्या नकला भरपूर आहेत. पाच मिलिलीटरमध्ये साधारण पन्नास फवारे होतात, या परफ्यूमला तेवढे महिनोन्‌महिने पुरतात. निदान तीन वेगळ्या दिवशी लावा: एक घरी बसून, एक बाहेर, एक अशा माणसासोबत जो तोंडावर खरं बोलतो.

जुनी परीक्षणं जपून वाचा. कच्च्या बर्चच्या डांबरात आरोग्याला घातक अशी हायड्रोकार्बनं असतात, म्हणून इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांनी ते बंद केलं, आता शुद्ध केलेलंच वापरता येतं. ओकच्या दगडफुलावरही बंधनं आली. त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वी कुणी ज्या 'बँडिट'वर जीव टाकला तो आणि आज दुकानातला, यांत नाव सारखं असलं तरी पाककृती सारखी असेलच असं नाही.

बाटली आली की खोक्यातच, कपाटात, अंधारात ठेवा. बाथरूममध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.

घ्यायचा की नाही हे अजूनही ठरत नसेल तर मी करतो ते करा. डिकँट लावलेल्या दिवसाचा शर्ट रात्री धुवायला टाकू नका, खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवा. सकाळी दात घासण्याआधी, चहाचा वास घरभर पसरण्याआधी, त्याच्या कॉलरच्या आत नाक घाला. त्या क्षणी आणखी एकदा हुंगावंसं वाटलं तर बाटली मागवा.